डावं मनगट

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. तो उर्वीनं घेतला, कारण ग्रॉन्याचा डावा हात स्प्लिंटच्या आधारपट्टीत होता आणि उजव्या हातात चहाचा कप होता. पलीकडची बाई फार गोड बोलत होती. सरकारचा आदेश आलाय, कोविडच्या पेशंटसाठी खाटा मोकळ्या ठेवायच्यात, तातडीची नसलेली सगळी ऑपरेशनं पुढं ढकलली आहेत.

"पुढं म्हणजे कधी?" उर्वीनं विचारलं.

"आत्ता काहीच सांगता येत नाही, डार्लिंग."

उर्वीनं फोन ठेवला आणि वळून बघितलं. ग्रॉन्या चहा पीत राहिली. तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पण तीन वर्षं त्या चेहऱ्याच्या चार पावलं मागून चाललेल्या उर्वीला तिच्या मानेवरूनसुद्धा सगळं कळायचं. ती मान आत्ता ताठ झाली होती.

ग्रॉन्या टूलन ही काही साधीसुधी खेळाडू नव्हती. आयर्लंडच्या वायव्य टोकाला, डोनेगलमध्ये, समुद्राला लागून एक छोटं गोल्फचं मैदान आहे. तिथं तिचे वडील गवत कापायचे. मैदानाचे सभासद जेवायला घरी गेले की ते मुलीला खेळू द्यायचे. तिथला वारा असा की सरळ मारलेला चेंडू कुठल्या कुठं जातो. त्या वाऱ्यातच ती खेळायला शिकली. एकविसाव्या वर्षी व्यावसायिक झाली. पहिली काही वर्षं जुन्या व्हॅनमध्ये झोपून काढली, मग युरोपातल्या चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या, युरोपच्या संघातून दोनदा अमेरिकेविरुद्ध खेळली. एका सर्वांत मोठ्या स्पर्धेत तर शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत ती पुढं होती आणि एका फटक्यानं हरली. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलत नसे. आता छत्तीस वर्षांची होती आणि तिच्या मते तिचा सगळ्यात चांगला खेळ अजून व्हायचा होता.

उर्वी तिची कॅडी. म्हणजे लोकांना वाटतं तशी नुसती बॅग उचलणारी नव्हे. अंतर किती, वारा कुठून, कुठली स्टिक घ्यायची, कधी धीर धरायचा आणि कधी धाडस करायचं, हे सगळं खेळाडूच्या कानात सांगणारी. उर्वी नाशिकहून सिडनीला स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला आली होती. युनिव्हर्सिटीच्या फीला हातभार म्हणून वीकेंडला एका क्लबवर कॅडीचं काम धरलं आणि त्यातच रमली. एका स्पर्धेत ग्रॉन्याचा नेहमीचा कॅडी आजारी पडला म्हणून क्लबनं उर्वीला दिलं. अठरा होलांपैकी, म्हणजे टप्प्यांपैकी, तिसऱ्याच होलवर उर्वीनं तिला सांगितलं, "तू चुकीची स्टिक घेतेयस." ग्रॉन्यानं तिच्याकडं रोखून बघितलं, स्टिक बदलली, आणि त्या आठवड्याच्या शेवटी विचारलं, "स्पेनला येशील?" तेव्हापासून वर्षातले आठ महिने उर्वी तिच्याबरोबर जगभर फिरत होती. तिचा नवरा राघव आयटीत होता. तो मित्रांना सांगायचा, "माझी बायको एका आयरिश बाईबरोबर पळून गेलीय, मधूनमधून कपडे धुवायला येते."

त्या फेब्रुवारीत ग्रॉन्या ऑस्ट्रेलियातल्या उन्हाळी स्पर्धांसाठी आली होती. ॲडलेडला दुसरी आली, पण शेवटच्या दिवशी डाव्या मनगटात काहीतरी कट्‌कन वाजलं. स्कॅनमध्ये दिसलं की स्नायूला हाडाशी बांधणारा टेंडन अर्धा फाटलाय. सिडनीतल्या सर्जननं सांगितलं, लवकर शिवला तर सहा महिन्यांत पूर्वीसारखं खेळशील. तोवर हात हलवायचा नाही. आणि मग जग बंद झालं. आयर्लंडमध्येही तीच गत, तिथंही ऑपरेशनं थांबलेली. विमानं रोज रद्द होत होती. ज्या हॉटेलात ती उतरली होती ते सरकारनं क्वारंटाइनसाठी घेतलं. तेव्हा उर्वीनं तिला गाडीत घातलं आणि सिडनीच्या पश्चिमेला, क्वेकर्स हिलला, आपल्या घरी आणलं. घराच्या मागं एक ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे एका माणसापुरतं वेगळं छोटं घर होतं. राघवनं तिथून सगळी खोकी काढली आणि पलंग लावला.

"दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे," उर्वी म्हणाली.

"ऑफ कोर्स," ग्रॉन्या म्हणाली.

उर्वीची आई नाशिकहून व्हिडिओ कॉल करायची. तिला ग्रॉन्या हे नाव काही केल्या उच्चारता येईना, म्हणून तिनं परस्पर तिचं गिरिजा करून टाकलं. "गिरिजा जेवते का गं नीट?" ती विचारायची. गिरिजा जेवत नव्हती. सुरुवातीला ती एकट्या उजव्या हातानं पट मारायची, म्हणजे बागेतल्या वीतभर हिरवळीवर चेंडू हलकेच ढकलायची. मग तेही बंद झालं. रोज सकाळी हॉस्पिटलला फोन करायची, मग सर्जनच्या सेक्रेटरीला, मग आयर्लंडच्या दूतावासाला. सगळे सहानुभूतीनं बोलायचे. दुपारी ती ग्रॅनी फ्लॅटच्या पायरीवर बसून राहायची. हात मांडीवर, जसं काही दुसऱ्या कुणाचं तान्हं मूल सांभाळायला दिलंय.

तिच्या वडिलांना वर्षभरापूर्वी नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं होतं. रोज संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, ती त्यांना फोन करायची. म्हाताऱ्याला रोजचं बरंचसं आठवायचं नाही, पण मुलीचं गोल्फ पक्कं आठवायचं. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या उर्वीला ऐकू यायचं.

"हात कसा आहे?"

"ऑपरेशन झालं, डॅड. मस्त झालं."

"मारायला लागलीस का?"

"हो. आज पन्नास मारले."

"वारा होता?"

"थोडासा होता."

"मग ठीक आहे," म्हातारा म्हणायचा.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उर्वीच्या हातातलं लाटणं थांबलं. फोन झाल्यावर ती बाहेर आली. ग्रॉन्या तिच्याकडं न बघता म्हणाली, "त्यांना दुसरं काय सांगू? त्यांच्याकडं तेवढंच उरलंय." त्यानंतर रोज आकडा वाढत गेला. पन्नासचे ऐंशी झाले, ऐंशीचे दोनशे. सहा नंबरच्या स्टिकनं, चार नंबरच्या, सगळ्यात लांब मारणाऱ्या ड्रायव्हरनं. न मारलेल्या चेंडूंचं ती इतकं बारकाईनं वर्णन करायची की उर्वीलाही ते उडताना दिसायचे.

एप्रिलमध्ये नर्सिंग होममध्ये कोविड शिरला. आधी फोन उचलणारी नर्स बदलली, मग फोन उचलेचनात. मग एका सकाळी तिच्या भावाचा, कॉलमचा, फोन आला. त्याला आत जाऊ दिलं नव्हतं. तो खिडकीबाहेर उभा राहिला होता. काचेतून त्याला फक्त पांढऱ्या सूटमधली माणसं दिसली.

अंत्यविधीला चर्चमध्ये फक्त दहा माणसांना परवानगी होती. तिकडच्या चर्चांमध्ये कॅमेरा बसवलेला असतो, घरबसल्या प्रार्थना बघता यावी म्हणून. राघवनं लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला. उर्वीनं कोपऱ्यात दक्षिणेकडं वात करून दिवा लावला. ग्रॉन्यानं ते काय म्हणून विचारलं, उर्वीनं सांगितलं, तेव्हा तिनं नुसती मान हलवली आणि दिव्याच्या जवळ सरकून बसली.

कॅमेरा वर छताजवळ कुठंतरी होता. रिकाम्या बाकांच्या रांगा, लांब लांब बसलेली माणसं, पुढं पेटी. कोण कुठलं तेही ओळखू येत नव्हतं. मध्येच चित्र अडकायचं, फादरचा हात हवेतच थांबायचा, आणि पुन्हा सुरू व्हायचं तेव्हा प्रार्थना पुढं गेलेली असायची. पेटी उचलायची वेळ आली तेव्हा चित्र अडकलं ते अडकलंच. राघवनं धावाधाव केली, राउटर बंद करून चालू केला. पुन्हा लागलं तेव्हा चर्च रिकामं होतं. एक बाई स्प्रे घेऊन बाकं पुसत होती.

"सॉरी, ग्रॉन्या," राघव म्हणाला.

"नो, नो. थँक यू," ती म्हणाली. आणि बराच वेळ त्या बाकं पुसणाऱ्या बाईकडं बघत बसली. तिला रडू आलं नाही. उर्वीला त्याचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उर्वी चहा घेऊन मागं गेली तर ग्रॅनी फ्लॅटचं दार उघडं होतं. पलंगावर स्प्लिंट पडलं होतं. भिंतीशी गोल्फची बॅग नव्हती.

उर्वी तशीच चपलांवर धावत सुटली. घरांच्या ओळीमागं एक ओढा आहे आणि त्याला लागून मोठं मोकळं मैदान. लॉकडाउनमुळं तिथं चिटपाखरू नव्हतं. लांबूनच तिला आवाज ऐकू आला. तो आवाज तिनं झोपेतही ओळखला असता, स्टिक चेंडूला नेमकी बसली की येतो तो. ग्रॉन्या मैदानाच्या मधोमध उभी होती. पायाशी चेंडूंचा ढीग ओतलेला. एक मारायची, तो कुठं गेला हे न बघता दुसरा ओढून घ्यायची. मारताना ती मोठ्यानं मोजत होती. तिचा डावा हात कोपरापर्यंत लाल झाला होता.

"ग्रॉन्या, थांब."

ती थांबली नाही.

"अगं, थांब. हात जाईल."

"मी त्यांना दोनशे सांगितले होते," ती म्हणाली. स्वर अगदी साधा होता, समजुतीचा, जणू उर्वीलाच काही कळत नव्हतं. "एवढे मारू दे मला."

उर्वी तिला धरायला पुढं झाली, पण झपाट्यानं फिरणाऱ्या स्टिकजवळ कसं जाणार? ग्रॉन्यानं पुन्हा हात मागं नेले. या वेळी चेंडूचा आवाज आला नाही. ओली दोरी तुटावी तसं काहीतरी वाजलं. स्टिक हातातून निसटून गवतात पडली. ग्रॉन्या गुडघ्यांवर बसली, मनगट पोटाशी घेतलं, आणि मग मात्र तिला रडू फुटलं. उर्वी तिच्याजवळ ओल्या गवतात बसली आणि तिला धरून राहिली. दीड मीटरचं अंतर ठेवायचं असतं हे दोघींनाही आठवलं नाही.

टेंडन पूर्ण तुटला होता, हाडाचा तुकडा घेऊन. आता मात्र ते तातडीचं ऑपरेशन ठरलं आणि त्याच दिवशी झालं. पुढच्याच आठवड्यात सरकारनं जाहीर केलं की थांबवलेली ऑपरेशनं हळूहळू पुन्हा सुरू होतील. ती बातमी उर्वीनं गाडीत रेडिओवर ऐकली. तिनं रेडिओ बंद केला आणि घरी कुणालाच काही सांगितलं नाही. पण ग्रॉन्याच्या फोनवर ती आधीच पोचली होती.

सर्जन सरळ माणूस होता. "कप उचलता येईल, गाडी चालवता येईल," तो म्हणाला. "खेळाचं विचारू नका."

उर्वीनं विचारलं. ती त्याच्या मागं कॉरिडॉरमध्ये गेली आणि मास्कमधून विचारलं, "टक्के सांगा ना." तो म्हणाला, "टक्के मी सांगत नसतो." उर्वीनं त्याचा अर्थ शून्य नाही असा घेतला.

आणि तिथून ती कंबर कसून मागं लागली. स्पर्धा बंद, म्हणजे तिचं कामही बंद. ती एका सुपरमार्केटच्या ऑनलाइन ऑर्डरी भरायला जाऊ लागली, पहाटेच्या शिफ्टला. तिथून आली की ग्रॉन्याच्या हाताचे व्यायाम. गरम पाण्यात हात, मग रबरी चेंडू दाबायचा, मग वजन. तिनं फिजिओचे व्हिडिओ बघितले, तेल आणलं, जवळच्या स्कोफिल्ड्समधल्या एका मराठी बाईंकडून हळदीचा लेप लावायची रीत विचारून घेतली. ग्रॉन्या सांगितलं ते सगळं करायची. आज्ञाधारक पोरीसारखी. तीच गोष्ट खटकायला हवी होती, कारण ग्रॉन्या आयुष्यात कधी आज्ञाधारक नव्हती.

राघवला खटकली. एकदा भांडी घासताना तो म्हणाला, "उर्वी, एक विचारू? हे तू तिच्यासाठी करतेस की स्वतःसाठी?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे ती खेळली नाही तर तू कोण, हा प्रश्न तुझा आहे. तिचा नाही."

उर्वीला इतका राग आला की दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. राग येण्याचं कारण तिला ठाऊक होतं, त्यामुळं तो आणखी टिकला.

हिवाळा गेला, मग तिकडचा डिसेंबर-जानेवारीचा उन्हाळाही गेला. दोन हजार एकवीसच्या मार्चमध्ये, सिडनीत काही काळ सगळं मोकळं झालेलं असताना, ऑरेंज गावाजवळ एक लहान स्पर्धा ठरली. आयोजकांना ग्रॉन्या टूलन हे नाव हवंच होतं. ग्रॉन्या म्हणाली, "तुला काय वाटतं?" उर्वी म्हणाली, "सुरुवात म्हणून उत्तम आहे." ग्रॉन्याचा हात तोवर बरा दिसत होता. जखमेची रेघ फिकट झाली होती. सरावात ती छोटे फटके सुंदर मारायची. लांबचे मारताना मात्र चेंडूला स्टिक लागण्याच्या अगदी आधी मनगट सुटायचं, दाराची बिजागरी निखळावी तसं. उर्वी म्हणायची, "खेळताना येईल. मॅचमध्ये येईल."

मॅचमध्ये आलं नाही. पहिल्या दिवशी ग्रॉन्या शेवटून तिसरी होती. वर्तमानपत्रातला एक माणूस तिच्यावर लिहायला आला होता, तो संध्याकाळी न भेटताच निघून गेला. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर दोन ऑस्ट्रेलियन मुली होत्या, विशीतल्या. त्यातली मॅडी नावाची मुलगी ग्रॉन्याचे सामने टीव्हीवर बघत मोठी झाली होती. तिनं सकाळी तसं सांगितलंही. दुपार होईतो तिनं ग्रॉन्याकडं बघणंच बंद केलं होतं.

चौदाव्या होलला तळं आडवं येतं. समोर पाणी, पाण्यापलीकडं ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. डावीकडून जमिनीवरून वळसा घालूनही जाता येतं, दोन-तीन फटके जास्त लागतात इतकंच. दुखापतीच्या आधी ग्रॉन्यानं तिथं बोलता बोलता चेंडू पलीकडं टाकला असता.

"किती?" तिनं विचारलं.

उर्वीनं अंतर सांगितलं. ग्रॉन्यानं स्टिक घेतली आणि मारला. चेंडू पाण्यात. उर्वीनं दुसरा दिला. पाण्यात. तिसरा दिला. हा तर काठापासून जेमतेम पुढं जाऊन पडला. मॅडी आणि दुसरी मुलगी खाली मान घालून स्वतःचे बूट बघत होत्या.

ग्रॉन्यानं मागं न बघता हात पुढं केला. उर्वीनं चेंडू दिला नाही.

"बॉल दे, उर्वी."

"डावीकडून जाऊ या."

"बॉल दे. तुझं काम आहे ते."

"माझं काम खरं सांगणं आहे," उर्वी म्हणाली. "हे अंतर तुझ्या हाताला झेपत नाही. ना आज, ना पुढं. मी वर्षभर तुला खोटं सांगितलं."

ग्रॉन्या वळली. तिच्या डोळ्यांत राग असता तर उर्वीला सोसला असता. तिथं राग नव्हता. ती पुढं आली, बॅगेचा कप्पा स्वतः उघडला, चेंडू काढला, खाली ठेवला आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून मारला. तो सरळ गेला, उंच गेला, एक क्षणभर वाटलं की जातोय. पलीकडच्या काठाच्या हातभर अलीकडं पाणी उडालं.

ती काही वेळ तशीच उभी राहिली. वर्तुळं काठापर्यंत पोचेपर्यंत. मग म्हणाली, "ठीक आहे. डावीकडून."

त्यांनी छोटे छोटे फटके मारत तळ्याला वळसा घातला. नवखी मंडळी खेळतात तसं. तिनं तो होल पुरा केला, त्यापुढचेही सगळे पुरे केले, कार्डावर सही केली, दोन्ही मुलींशी हात मिळवण्याऐवजी कोपर पुढं केलं, आणि मॅडीला काहीतरी म्हणाली, जे उर्वीला ऐकू आलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडी उर्वी चालवत होती. लिथगो गाव मागं पडलं.

"तुझी जागा राखून ठेवायला टूरकडं मेडिकल एक्स्टेन्शन मागता येईल," शेवटी उर्वी म्हणाली. तिला स्वतःलाच कळेना की तळ्याकाठी ते सगळं बोलल्यावर हे आपण का म्हणतोय. "एक वर्ष मिळेल. तोवर..."

"उर्वी."

"काय?"

"मला ऑपरेशन झालं त्याच दिवशी कळलं होतं," ग्रॉन्या म्हणाली. "हात माझा आहे. मला नाही कळणार? पण तू रोज पहाटे कामावरून यायचीस आणि ते पाणी गरम करायचीस. तुझ्याकडं बघून मला नाही म्हणवेना. आधी डॅडना मी खोटं सांगत होते, मग तुला सांगायला लागले." ती खिडकीतून बाहेर बघत होती. "माझं दुःख मी कसंबसं पेलते. तुझी आशा नाही पेलवत मला. थकले मी."

उर्वीनं गाडी बाजूला घेतली. तिला पुढचा रस्ता दिसत नव्हता. ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली आणि ग्रॉन्या आपल्या चांगल्या हातानं तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ट्रक जाताना गाडी हलत होती.

"मॅडीला कॅडी हवीय," थोड्या वेळानं ग्रॉन्या म्हणाली. "मे महिन्यात ती युरोपला चाललीय. मी तिला तुझं नाव सांगितलंय."

"मी नाही जाणार."

"जा. तुला चार पावलं मागून चालायला कुणीतरी हवंच असतं."

टोचेल असंच ती बोलली होती, आणि खरं बोलली होती. उर्वीला देश सोडायची परवानगी काढायलाच कितीतरी खेटे घालावे लागले. मे महिन्यात ती गेली. दोन महिन्यांनी यायचं असं ठरलं होतं. जूनअखेर सिडनी पुन्हा बंद झालं, आणि या वेळचं बंद आधीपेक्षा कडक होतं. क्वेकर्स हिल धरून ब्लॅकटाउनकडच्या सगळ्या भागात तर घरातून पाच किलोमीटरपलीकडं जायची सोय नव्हती, रात्री संचारबंदी, वरून पोलिसांचं हेलिकॉप्टर. बाहेरून येणाऱ्या विमानांमधल्या जागा सरकारनं निम्म्या केल्या. उर्वीची तीन तिकिटं रद्द झाली. ती स्कॉटलंडमध्ये, स्वीडनमध्ये, हॉटेलांच्या खोल्यांमधून घरी व्हिडिओ कॉल करायची. राघव पुढच्या घरात एकटा, ग्रॉन्या मागच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये एकटी. संध्याकाळी दोघं बागेत लांब लांब खुर्च्या टाकून बसायची. "बोलते का ती?" उर्वी विचारायची. राघव म्हणायचा, "काही दिवस बोलते. काही दिवस दार उघडत नाही. मग मी दारावर थाप मारून म्हणतो, वरणभात ठेवलाय. ती म्हणते, ठीक आहे. त्यावरून मला कळतं की आहे."

ऑगस्टमध्ये एकदा ती आतून ठीक आहे म्हणाली नाही. राघवनं तासभर दार वाजवलं आणि शेवटी ॲम्ब्युलन्स बोलावली. तिनं झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या. वाचली. हे उर्वीला आठवड्यानं कळलं, कारण त्या आठवड्यात मॅडी पहिल्यांदा स्पर्धेत पुढं होती आणि ग्रॉन्यानं शुद्धीवर आल्यावर राघवला बजावलं होतं की उर्वीला सांगायचं नाही. उर्वी फोनवर राघववर किंचाळली.

हॉस्पिटलनं ग्रॉन्याला मानसोपचाराच्या एक डॉक्टर बाई दिल्या. ती त्यांच्याशी रोज फोनवर बोलायला लागली. सप्टेंबरात तिचा आवाज थोडा जागेवर आला. ऑक्टोबरात तिच्या भावानं, कॉलमनं, सांगितलं, डोनेगलच्या घराचा वरचा माळा रिकामा केलाय, ये.

नोव्हेंबरात सीमा उघडल्या. उर्वीचं विमान सिडनीला उतरलं त्याच दिवशी दुपारी ग्रॉन्याचं सुटणार होतं. राघवनं दोघींची विमानतळावरच गाठ घालून दिली आणि स्वतः गाडीत बसतो म्हणाला. फूड कोर्टमध्ये अर्ध्या टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवल्या होत्या. ग्रॉन्या खूप बारीक झाली होती. केस कापले होते. तिच्याजवळ एकच सूटकेस होती.

उर्वीनं तिला मिठी मारली आणि सोडेचना.

"पुरे आता," ग्रॉन्या म्हणाली. "माझी कॉफी गार होतेय."

दोघी बसल्या. ग्रॉन्यानंच विचारलं, "मॅडीचं पटिंग सुधारलं का?"

"नाही. घाई करते."

"घाई नाही. शेवटच्या क्षणी ती डोकं वर करते. घाबरते, कुठं गेला बघायला." ग्रॉन्यानं कप उजव्या हातातून डाव्यात घेतला आणि पुन्हा उजव्यात. "तिला सांगू नकोस की घाबरू नको. कुणी तसं सांगून भीती जात नाही. नुसती जवळ उभी राहा."

"बरं."

"आणि राघवला सांग, त्याच्या वरणात मीठ कमी असतं."

उर्वी हसली आणि तिचे डोळे भरून आले. ग्रॉन्याची वेळ झाली. दोघी चालत सिक्युरिटीच्या दारापर्यंत गेल्या. उर्वीच्या ओठांवर शब्द आले होते, नेहमीचेच. हात बरा होईल, तू परत खेळशील, तिकडचे डॉक्टर काहीतरी वेगळं सांगतील. ती ते गिळून उभी राहिली.

"पोचलीस की फोन कर," ती म्हणाली.

"तिथं पहाट असेल. तू झोपलेली असशील का?"

"नाही. इथं दुपार असेल."

"मग करते," ग्रॉन्या म्हणाली, आणि मास्क वर ओढून आत गेली.